धुक्यात मारलेल्या हाका

मंडळी, दुपारीच मोशीला घरी पोहोचलो, पण सकाळचं अजून डोक्यातून जात नाही.

नवऱ्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. म्हणून काल संध्याकाळीच पवना धरणाच्या काठावर कॅरव्हॅनमध्ये मुक्कामाला गेलो. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. आज सकाळी समोरच्या डोंगरावर चिटपाखरू नव्हतं. मी त्यावरच खूश होते.

चढताना अकरावीतली माझी लेक जुई सारखी मोबाइलमध्ये. मी चिडून बोलले, तशी ती तरातरा पुढे निघून गेली. तेवढ्यात धुकं उतरलं. खाली धरण दिसेना, वर जुई दिसेना.

"जुई! ऐकू येत नाही का? कुठे मेलीस?" मी ओरडत सुटले. फोन लागेना. विचारायला एक माणूस नाही. नवरा वर धावला, मी कड्याकडे. तिथे काठाची माती ताजी घसरलेली दिसली. मी मटकन खाली बसले. ओरडायचं त्राणच उरलं नव्हतं. "जुई, बाळा, ये गं," एवढंच रडत म्हणाले.

"आई, इथेच आहे मी." आवाज मागच्या खडकाआडून आला.

"अगं, मग ओ का दिली नाहीस?"

"तू केवढी चिडली होतीस! म्हटलं, शांत झालीस की येते."

नवऱ्याला हाक मारून आम्ही खाली उतरलो. मी भीतीने ओरडत होते, हे तिला कळणार कसं? घरात रोज मारते तशीच तर हाक होती ती.

खरं सांगा, तुमची काळजी तुमच्या मुलांना काळजीसारखी ऐकू येते का?