फरशीवरची कणगी

शारदा, तुझ्याबद्दल लिहिणार म्हटल्यावर तू हसलीस. म्हणालीस, "माज्यात काय हाय लिवण्यासारकं?" ते तुला समजावत बसायला मला वेळ नाही आणि ऐकून घ्यायला तुला नाही, तुझे हात कायम कशात तरी भरलेले. शिवाय "तू असं केलंस, तू तसं केलंस" असं लिहीत गेले, तर वाक्यावाक्याला मला अडवशील. तेव्हा तू आपली वाल निवड. मी बाकीच्यांना सांगते.

पौडजवळच्या रिह्याच्या खोऱ्यात शहरातली माणसं फार्महाऊससाठी जमिनी बघत फिरू लागली, तेव्हा शारदेच्या नवऱ्याने, अण्णासाहेबांनीही रस्त्याकडची भातखाचरं विकली. कौलारू घर पाडून दोन मजली बंगला बांधला. वरचा मजला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला भाड्याने दिला. पैसे आले तसे गेले. त्यात नवल काही नाही, सगळ्यांचेच जातात. राहिलं ओढ्याकाठचं एकच खाचर. मुलगा सौरभ त्यालाही गिऱ्हाईक घेऊन आला, आणि अण्णासाहेब हो म्हणायच्या बेतात होते.

शारदा पन्नाशी उलटलेली बाई. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून तिने त्या चिखलात लावणी केलेली. ती रडली नाही, रुसलीही नाही. सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"येवढ्याशा तुकड्यात काय हाय?" अण्णासाहेब म्हणाले. "तांदूळ दुकानात मिळतुया."

"त्या तुकड्यावं वरीसभर घर जेवलं, तर ऱ्हाऊ द्या. फुडच्या दिवाळीपस्तोर दुकानातनं तांदळाची एक पिशवी जरी घरात आली, तर खुशाल इका. मी तोंडातनं शबूद काडनार न्हाई."

अण्णासाहेबांना ही पैज फारच सोपी वाटली. ते लगेच कबूल झाले.

त्या दिवसापासून शारदेने घर हाताखाली घेतलं. दुकानातल्या वस्तू एकेक करून बंद झाल्या. उन्हाळ्यात गच्चीवर गवार आणि कारल्याच्या काचऱ्या वाळल्या, सांडगे घातले गेले, हुलग्यांना कडक ऊन दाखवून डबे भरले, वाल राखेत घोळून ठेवले. भात मात्र ती एकदम भरडून आणायची नाही. टरफलात आहे तोवर टिकतं, म्हणून लागेल तेवढंच गिरणीत न्यायचं. कोंडा कोंबड्यांना, कण्या सकाळच्या पेजेला. गिरणीवाल्याला ती पॉलिशही करू द्यायची नाही. तांदूळ घासून घासून पांढरा करायचा आणि त्याचं सत्त्व कोंड्यात घालवायचं, ही कुठली रीत, असं तिने त्याला चारचौघांत ऐकवलं. सौरभ ताटातल्या तांबूस भाताकडे बघून नाक मुरडायचा. तिने ते नाक बघितलंच नाही.

आणि एवढी जाणती बाई चुकली ती कणगीतच.

कणगी म्हणजे भात साठवायची कोठी: बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, खांद्याइतकी उंच. जुन्या घरात ती चुलीमागे दगड-फळ्यांवर उभी असायची आणि धुराने बारा महिने शेकली जायची. बंगल्यात चूल कुठली? शारदेने ती नव्याने लिंपली आणि जिन्याखालच्या खोलीत थेट फरशीवर ठेवली. तिचा हिशेब साधा होता: फरशी उंदीर पोखरत नाही, फरशीला वाळवी लागत नाही, मग फळ्या हव्यात कशाला? सारवलेल्या जमिनीवर जन्म काढून मग गुळगुळीत फरशीवर राहायला गेलेल्या माणसांनीच करावी अशी ही चूक. सारवलेली भुई ओल पिऊन टाकते. फरशी काही पीत नाही. आषाढात तिला घाम फुटतो.

आषाढ अर्धा सरला तेव्हा खोलीतून कुबट वास येऊ लागला. शारदेने कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, तर तळाचं भात गरम लागलं. उपसून बघितलं. खालचा थर काळा पडला होता, मोड फुटून त्याची ढेपळं झाली होती.

वरच्या मजल्यावरची जान्हवी लातूरकडची. आवाज ऐकून ती खाली आली आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडे असं कधीच होत नाही."

"तुमच्याकडं पाऊस तरी हाय का व्हायला?" शारदा म्हणाली. "हुबी नको ऱ्हाऊ. तुजा हॉल रिकामा कर."

वाचलेलं भात वर गेलं. जान्हवीच्या हॉलमध्ये ताडपत्री पसरून, दोन पंखे लावून ते वाळत पडलं. तिचा नवरा पियूष घरून काम करायचा. तो भिंतीला चिकटून, भातात पाय पडणार नाही असा बसून, साहेबांशी इंग्रजीत बोलायचा. तक्रार त्याने केली नाही. नाचणीचे पापड ताटात आले की तक्रार सुचत नाही. सौरभकडून त्याच्या कंपनीतल्या टाकाऊ लाकडी पॅलेट मागवून शारदेने कणगी त्यावर चढवली, भिंतीपासून हातभर लांब.

पण गेलं ते गेलंच. आता उरलेलं भात दिवाळीपर्यंत पुरणार नव्हतं, हे तिला कळत होतं आणि अण्णासाहेबांनाही. रात्रीचा भात बंद झाला. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, सांडग्यांची आमटी. अण्णासाहेब मुकाट जेवत. एकदा ताक मागून घेतलं, एवढंच.

भाद्रपद संपत आला आणि कणगीचा तळ दिसला. त्यातच पितृपंधरवड्यात तिच्या सासऱ्यांची तिथी. पिंडाला भात हवा, भाऊबंद जेवायला येणार. आदल्या दिवशी सौरभ मोटरसायकलवरून तांदळाची पिशवी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली. त्याला वाटलं, आईची अडचण भागली आणि गिऱ्हाइकाचंही काम झालं. शारदा पिशवीकडे बघत राहिली. बोलणं तिचंच होतं; आता मागे कसं घेणार?

अण्णासाहेब आत आले. पिशवी बघितली.

"ही कुणी आनली?"

"मी," सौरभ म्हणाला. "उद्या आजोबांना लागंल ना."

"ज्यानं त्या खाचराचा बांद आपल्या हातानं घातला, त्याला दुकानातला भात वाढतुयास? जा, दिऊन ये परत."

सौरभ गेला. खाचराच्या वरच्या अंगाला, पाणी कमी थांबतं तिथे, लवकर येणारं हळवं भात लावायची पद्धत आहे. ते अजून पुरतं पिकलं नव्हतं. अण्णासाहेब स्वतः विळा घेऊन गेले आणि भारा कापून आणला. शारदेने दाणे झोडले, उकडले, कढईत भाजले, आणि दोघांनी मिळून ते उखळात कांडले. कणी फार झाली. पण पिंडांना पुरलं, आणि पंगतीत प्रत्येकाच्या पानावर मूदभर पडलं. बाकी भाकरीवर भागलं. पुढे दिवाळीपर्यंतही हळव्यावर आणि नाचणीवर रेटलं.

तिथीच्या संध्याकाळी अण्णासाहेब म्हणाले, "खाचर न्हाई इकायचं. दिवाळी झाली की पौडच्या कचेरीत जाऊ. तुजं नाव लावून घिऊ सातबाऱ्यावं."

शारदेने "बरं" म्हटलं. केवढंही मिळालं तरी ती एवढंच म्हणते.

दिवाळी झाली. एकदा जायचं ठरलं तर अण्णासाहेबांचा गुडघा धरला. पुन्हा ठरलं तर कचेरी बंद निघाली. त्यानंतर सगळं जुळून आलं: जीप दारात, कागद पिशवीत, अण्णासाहेब धुतलेली टोपी घालून तयार. शारदा अंगणात आली आणि वर बघितलं.

"आज ऊन कडक हाय. भात वाळवायचंय. पौड काय पळून चाललंय का?"

ताडपत्री पसरली गेली. अण्णासाहेबांनी टोपी खुंटीला लावली आणि ते फावड्याने भात पसरायला लागले. सातबाऱ्यावर अजून त्यांचं एकट्याचंच नाव आहे. सौरभचं गिऱ्हाईक अधूनमधून फोन करत असतं.