दोन कुलपांचा तक्ता

जोतीराम गुरुजींच्या जेवणाच्या डब्यात त्या वर्षी भाकरीच्या शेजारी एक फ्लॉपी असायची, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. नरसिंहपूरच्या अलीकडच्या गावातून एसटीनं इंदापूर, तिथून दुसरी धरून बारामती. सन अठ्ठ्याण्णवचा पावसाळा. बारामतीत दिपाली नावाची एक मुलगी संगणकाचा वर्ग चालवायची. तिच्याकडून गुरुजींनी सातवीच्या निबंधांसाठी गुणांचा तक्ता करून घेतला होता.

गुरुजींचा हात तालुक्यात सरळ म्हणून ओळखला जाई. कुणाच्या लेकराला दोन गुण वाढवले नाहीत, कुणाचे दाबले नाहीत. तरी लोक म्हणत, गुरुजीच्या मनाला आलं तेवढे गुण. ते बोलणं त्यांना कुसळासारखं टोचायचं. म्हणून त्यांनी मांडणी, भाषा, शुद्धलेखन, अक्षर आणि स्वतःचं निरीक्षण असे पाच रकाने पाडले. प्रत्येकाला चार गुण, एका निबंधाला वीस, पाच निबंधांचे शंभर. कशाला किती द्यायचे हे सगळं आधी लिहिलेलं.

सहावा रकाना वेळेचा. पोरं दुसऱ्याची वही उतरून दोन-दोन दिवस उशिरा आणून टाकत, त्याचा गुरुजींना फार राग. दिपाली म्हणाली, उशिराला दोन गुण कापू. गुरुजी नको म्हणाले. वेळेत वही आली तर निबंधाच्या बेरजेला एकानं गुणायचं, नाही आली तर शून्यानं. दिपालीनं विचारलं, ‘नक्की ना, गुरुजी?’ गुरुजी हसले.

मग कुलूप. शाळेचे अध्यक्ष सर्जेराव यांचा नातू सौरभ त्याच वर्गात. उद्या कुणी तक्त्यात हात घालू नये म्हणून गुरुजींनी देवळाच्या दानपेटीची रीत धरली. तिथं दोन कुलपं, दोन माणसांकडं दोन किल्ल्या. तसाच तक्त्याचा परवलीचा शब्द अर्धा गुरुजींनी टाईप केला, अर्धा सर्जेरावांनी. नवे गुण भरता येत, पण भरलेला गुण किंवा नियम बदलायचा तर दोघांनीही यायला हवं. गावच्या सभेत गुरुजींनी नियम सगळ्यांना एकच असं सांगितलं, आणि गावानं कौतुक केलं. गुरुजींना ते आवडलं.

त्याच वर्गात बिरदेव धनगराची छकुली होती, आईविना वाढलेली. दिवाळी झाली की बिरदेव मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पोरगी आजीजवळ, सारजाबाईजवळ, शाळेसाठी मागं राहायची. त्या वैशाखात सारजाबाई गेली. आता घरी कुणी नव्हतं. इंदापूरच्या मुलींच्या वसतिगृहात एक जागा होती; निबंधांच्या छापील तक्त्यात साठ गुण आणि त्यावर अध्यक्षांची सही, एवढी त्यांची अट. साठ झाले तर छकुली इंदापुरात, नाही तर कळपामागं.

पोरीनं लिहिलं होतं, ‘मेंढी बसताना आधी पुढचे गुडघे टेकते. आजीपण तशीच बसायची, जमिनीला हात लावून.’ निरीक्षणाच्या रकान्यात चार देताना, पाच का देता येत नाहीत असं गुरुजींना वाटून गेलं.

भाद्रपदात ज्वारीच्या पेरणीआधी शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवतात. बिरदेवला नीरा नदीपल्याड बोलावणी आली. रानातल्या मुक्कामी, तळावर, भाकरी थापायला छकुली लागायची. दोन सोमवारी वह्या जमा झाल्या; तिची दोन्ही वेळा बुधवारी आली. गुरुजींनी ते निबंध तपासले. अठरा आणि सतरा. बारामतीत आकडे भरले आणि पडद्यावर दोन शून्यं उमटली. वेळेतल्या तीन निबंधांचे बावन्न, तेवढेच राहिले.

गुरुजी सर्जेरावांकडं गेले. सर्जेराव ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘उघडू की,’ ते म्हणाले. ‘आमच्या सौरभलाबी तीन शून्यं हायती. त्याचंबी उघडू.’

‘त्यानं वह्या उतरल्यात, सर्जेराव. हिला तळावर काम होतं.’

‘कारणाचा रकाना कुठं हाय तुमच्या तक्त्यात?’

सर्जेरावांनी कातरलेली सुपारी पुढं केली.

‘गुरुजी, मी तुमास्नी अडवत न्हाय. दोघांचं उघडा, न्हायतर कुणाचंच नको. सभेत हे तुमीच बोल्ला हुता.’

बोलले होते खरे, आणि टाळ्याही पडल्या होत्या. सौरभचे उतरलेले निबंध गुणांत धरायचे तर वर्गातल्या बाकी पोरांना काय तोंड दाखवायचं? दोन दिवस ते आपल्याच नियमाभोवती फिरले. कुठून शिरायला फट नव्हती. स्वतःच लिंपली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता होता तसा छापून आणला.

दिवाळीनंतर बिरदेव शाळेच्या फाटकाशी आला. घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं, लगाम छकुलीच्या हातात. गुरुजींनी कागद पुढं केला. बिरदेवला वाचता येत नव्हतं. त्यानं लेकीची ओळ कोणती ते विचारलं, त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘तुमी केलंय म्हंजी बरूबरच आसंल.’

छकुली कागदाकडं बघत होती. ‘माझं ते दोन तुमी वाचलं न्हाईत, गुरुजी?’

‘वाचले. अठरा आणि सतरा पडले तुला.’

‘मग हितं शून्य कसं?’

यंत्रावर ढकलायला सोपं होतं. ‘मीच तसं ठरवलं होतं,’ गुरुजी म्हणाले.

ती आणखी काहीतरी ऐकायला थांबली. बिरदेवनं जीभ टाळूला लावून घोड्याला हाक दिली आणि मेंढरं रस्ताभर पांगत निघाली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली. छकुलीचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते मोठ्यानं पुकारलं. पोरं एकमेकांकडं बघू लागली. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.