ठाण्याच्या गृहस्थांचं शेवटचं पत्र

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको — भुतंखेतं, छाया, आवाज, यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, मी या गोष्टींची चारचौघांत टर उडवीत असे. तोच माझा लौकिक. कल्याणास पारनाक्याजवळ आमच्या घराच्या ओट्यावर मी चोवीस वर्षं लोकांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दिवसा कचेरीत कारकुनी, आणि दुपारच्या गाडीने मुंबईचं पत्र आलं की संध्याकाळी ओटा. आधी बातम्या. मग मी पत्राची घडी घालून म्हणायचो, "हं, बोला! कोणाची शंका?"

की झालं सुरू! भाताचे व्यापारी, सोनार, स्टेशनातले हमाल, मिठागरावरची माणसं, सगळे असत. कोणी विचारी, रूसचा बादशहा खरंच इकडे येणार का? कोणी विचारी, सासऱ्याने दिलेला बैल तो परत मागतोय, तर द्यावा का? मला दोन्हींचं उत्तर ठाऊक असे... निदान मी तशा आवाजात बोलत असे. एकदा एकाने तळ्याकाठच्या हडळीची शंका काढली, तेव्हा मी त्या हडळीची अशी उलटतपासणी घेतली की लोक पोट धरधरून हसले. तोच मी आज हे लिहितो आहे. आता हसायची पाळी तुमची.

दुसरं, एक अपराध कबूल करतो. मी वाचीत असे त्या सगळ्याच बातम्या छापलेल्या नसत.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात आई, वडील, काका, काकू. दिवसाउजेडी नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत. ही माजघराच्या खिडकीमागे तांदूळ निवडीत बसून सगळं वाचन ऐके. मी अख्ख्या गावाशी बोलत होतो, आणि जिच्याशी बोलावंसं वाटे ती भिंतीपलीकडे गप्प. हिचं माहेर कळव्याचं. एका दुपारी कचेरीत मला निरोप मिळाला की हिची आई मोठ्या दुखण्यातून उठली. ही तर चार दिवस धड जेवली नव्हती. सांगू कसा? ओट्यावर बसलो, पत्र डोळ्यांसमोर धरलं आणि बेधडक वाचलं, "ठाण्याहून एक गृहस्थ लिहितात की, कळव्यास एका पोक्त बाईंचा ताप उतरला असून त्या आज पेज प्यायल्या."

कोणाला काही वाटलं नाही. वर्तमानपत्रात काय वाटेल ते येतं! जेवायला बसलो, तर माझ्या पाण्याच्या भांड्याशेजारी एक लवंग ठेवलेली.

ती पोच. तेव्हापासून हा आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. एक लवंग म्हणजे ऐकलं, बरं वाटलं. दोन लवंगा म्हणजे ऐकलं, पण पसंत नाही. दोन लवंगा मला पुष्कळदा मिळाल्या, खोटं कशाला बोलू.

पुढे वडीलमंडळी एकेक करून गेली. आता बोलायला आडकाठी नव्हती. पण समोरासमोर बोललो की आमचं हमखास भांडण होई, आणि ठाण्याच्या गृहस्थांशी मात्र ही कधी भांडली नाही. म्हणून ते लिहीतच राहिले. लोकांनाही त्यांचा लळा लागला. "तात्या, आज ठाण्याचे गृहस्थ काय म्हणतात?" असं आपणहून विचारीत. मिठागरावरचा भिवा तर एकदा त्यांना भेटायला म्हणून ठाण्याला जाऊन आला आणि भर ओट्यावर मला म्हणाला, "तात्या, आख्खा ठाना फिरलू. पार खोपट गावान बी इचारला. तुमचे गिरस्ताला कोन वलखीत नाय!"

"भिडस्त आहेत रे ते," मी म्हणालो, "फारसे बाहेर पडत नाहीत."

खिडकीमागे सूप हातातून पडल्याचा आवाज झाला. ही हसत होती.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाही.

दोन वर्षांपूर्वी हिला ताप आला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज वाचन नाही, तुझ्यापाशी बसतो. पण पत्र आलं, माणसं जमली, आणि माझा पाय घरात ठरेना. ही खाटेवरून बघत होती. म्हणाली, "जा. लोक खोळंबलेत." ते रागाने म्हणाली की मनापासून, मला कळलं नाही. तिच्या उशाशी बसूनच मी चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, चष्म्याचं घर तिथेच टाकलं आणि बाहेर आलो.

मन खात होतं. म्हणून पहिलीच बातमी हीच वाचली, "ठाण्याहून एक गृहस्थ लिहितात की, घरात माणूस आजारी असता चार लोकांत बडबडत बसणारास अक्कल कमीच म्हणावी. तरी कुटुंबास आराम पडताच तिला आगगाडीने नाशकास नेण्याचा त्यांचा निश्चय आहे. गाडीत खिडकीजवळ बसवणार." स्टेशन गावातच, शिट्ट्या ऐकण्यात हिचा जन्म गेला, पण गाडीत ती कधी बसली नव्हती. दरवर्षी मी पुढच्या वर्षीचा वायदा करायचो.

मग रूसच्या बादशहावरून वाद पेटला. मला चेव चढला. दिवेलागण होऊन गेली तरी मी बोलतच होतो. माझी थोरली बहीण गोदाक्का, ती आमच्याकडेच असते, दारात येऊन नुसतीच उभी राहिली. मी आत धावलो. ओट्यावरून उठताना चष्मा फरशीवर पडून फुटला, तेही मला मागाहून कळलं. ही गेलेली होती. गोदाक्का दूध तापवायला चुलीपाशी गेली होती, तेवढ्यात.

मी नवा चष्मा करून घेतला नाही. वाचन सोडलं. लोक हळहळले, आणि पुढे शाळेत नवे बदलून आलेले गोविंद मास्तर ओट्यावर वाचू लागले. मी आत, खिडकीमागे, हिच्या जागी बसून ऐकायचो. डोक्यात एकच किडा... तिने ऐकलं का? की माझा आवाज परक्या लोकांशी तावातावाने भांडताना ऐकत, मनात राग धरून गेली? चोवीस वर्षं लोकांच्या शंका सोडवल्या, ही एक कोणाला विचारू?

गेल्या पौषातली गोष्ट. शनिवार, दिवे लागत होते. मास्तरांनी मुंबईची हवा वाचली, तांदळाचा भाव वाचला, आणि त्याच सुरात पुढे वाचलं, "ठाण्याहून एक बाई लिहितात की..."

मी खिडकीला कान लावला.

"...गृहस्थांच्या शेवटच्या पत्राची पोच त्याच संध्याकाळी दिलेली आहे. ती पाहिली गेली नाही असे कळते. चष्म्याचे घर उघडावे. गृहस्थांस नाकासमोरची वस्तू दिसत नाही, हा बाईंचा जुना अनुभव आहे."

लोक हसले. भिवा म्हणाला, "गिरस्ताची बायको काय ती! झ्याक हाय!"

मी गोदाक्काला म्हटलं, "अक्का, माझ्या चष्म्याचं घर कुठे आहे?"

"ते होय? हिच्या उशाशी सापडलं होतं. फडताळात ठेवलंय. चष्मा कुठाय पण त्यात घालायला?"

तिने ते आणून दिलं. हलवलं, तर आत खुळखुळलं. हिच्या उशाशी लवंगांचा बटवा असे, खोकल्यासाठी. झाकण उघडवेना. आजवर ऐकलं की नाही याचा घोर होता, आता एक की दोन याचा! डोळ्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपलं. एक लागली. कोपऱ्यात दुसरी असेल म्हणून पुन्हा चाचपलं. उलटं करून तळहातावर झाडलं.

एकच होती.

म्हातारा माणूस, पण खिडकीत बसून लहान पोरासारखा रडलो. आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मग अर्थातच मी मास्तरांना धरलं. वीस-बावीस वर्षं ज्याने पदरच्या बातम्या वाचल्या, त्याला पहिला संशय तोच येणार! मास्तर म्हणाले, "तात्या, देवाशपथ, इथेच छापलं होतं. मी मनाने कशाला रचू?" बोट ठेवलं तिथे सोनाराने दिवा धरून पाहिलं. छत्र्यांची जाहिरात. मास्तर पांढरेफटक पडले. पत्राची चारही पानं दोनदा धुंडाळली, कुठे काही नाही. मास्तर कल्याणास आले तेच मुळी हिच्या माघारी. लवंगांचं आम्हा दोघांपलीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि चष्म्याच्या घरात लवंग आहे हे तर मलाही नव्हतं. ऐकलं मात्र ओट्यावरच्या झाडून सगळ्यांनी.

विद्वान वाचकांपैकी कोणापाशी खुलासा असेल तर जरूर लिहावा. मला अजून सापडलेला नाही. मी पुष्कळ शोधला, पण खरं सांगायचं तर आता शोधायचा हुरूपही राहिला नाही.

मुंबईहून नवा चष्मा करून आणला. मागच्या महिन्यात नाशकास जाऊन आलो, खिडकीजवळच बसलो, चष्म्याचं घर मांडीवर उघडं ठेवून. परत आल्यावर शनिवारी मास्तरांकडून पत्र मागून घेतलं आणि वाचलं, "ठाण्याहून एक गृहस्थ लिहितात की, घाटात गाडी फार हळू चालते, आणि दरीकडची बाजू पाहण्याजोगी आहे."

जेवायला बसलो तेव्हा पाण्याच्या भांड्याशेजारी काही नव्हतं. मी पोटभर जेवलो.