कपाटातला मांडव

आमच्या थळमध्ये लग्नाची तारीख धरायची तर आधी ठमाआत्याला विचारतात आणि मग भटजींना. भटजी दुसरे मिळतात. ठमाआत्या धवलारीण आहे. आगरी लग्नात मांडव उभा राहिल्यापासून प्रत्येक विधीला त्याचं त्याचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाते ती धवलारीण. हळद कुटताना वेगळा, लावताना वेगळा, उतरवताना वेगळा. हे सगळं कागदावर कुठेही नाही. आत्याच्या डोक्यात आहे, आणि त्या डोक्यावर एक अबोलीचा गजरा आहे, तो आत्याला झोपेतही लागतो असं म्हणतात.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. उंचीने आमच्या फ्रीजपुढे हरेल, पण आवाज असा, की मांडवात लाउडस्पीकरवाला आला तर ती त्याला आधी पोटभर जेवायला घालते आणि मग घरी पाठवते. नवऱ्या मुलाच्या मामांना ती गाण्यातूनच शिव्या घालते, आणि मामालोक त्या नीट ऐकू याव्यात म्हणून पुढे सरकून बसतात. एकदा एका मामांचं नाव घ्यायचं राहिलं, तर ते जेवले नव्हते.

तर ही आत्या गेल्या मार्गशीर्षात, वाळत घातलेल्या सुकटीवरून कावळे हाकताना ओट्यावरून घसरली आणि तिच्या डाव्या पायाला प्लास्टर बसलं. नेमकं अमिषाचं लग्न तोंडावर आलेलं. अमिषा म्हणजे आत्याच्या भाचीची मुलगी, खाडीपलीकडे करंजाची. तिच्या आजीला हळद लागली ती आत्याच्या धवल्यावर, आईला लागली तीही आत्याच्या धवल्यावर. आता अमिषाला लागायची होती. पण रेवसच्या धक्क्यावरून लाँचमध्ये उतरायचं तर दोन्ही पाय धड असलेला माणूससुद्धा देवाचं नाव घेतो. गाडीने वडखळवरून वळसा घालून नेऊ म्हटलं, तर डॉक्टरांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

अमिषाचा भाऊ केतन, पोरगा मनाने चांगला. त्याने फोन करून सांगितलं, आजी, तू आराम कर, हळदीला डीजे सांगितलाय, काळजी करू नको.

आत्याने फोन खाली ठेवला. म्हणाली, "एकदा त्या घरान डीजेवर हलद लागली का मंग पुढच्या पोरींना धवला कशाला लागंल?" आणि तोंड फिरवून सुकटीकडे बघत बसली. कावळे येऊन बसले तरी हाकलेना.

हे मला बघवलं नाही, म्हणून मी बोललो. माझी सगळी संकटं याच क्रमाने येतात.

"आत्या, तू इथूनच गा. माझ्या कॉम्प्युटरवर. तिकडचा मांडव तुला दिसेल, तुझा आवाज त्यांना ऐकू जाईल."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी खताच्या कारखान्यात स्टोअरला होतो, निवृत्त झालो. आळीत माझी कॉम्प्युटरवाला म्हणून ख्याती आहे. ती अशी झाली, की शेजाऱ्यांचा टीव्ही एकदा अडला होता, मी तो बंद करून पुन्हा चालू केला. त्यानंतर आळीतलं जे काही बंद पडलं ते मी बंद करून पुन्हा चालू केलं आहे, आणि बरंचसं चाललंही आहे.

माझी बायको केसर हिने सुचवलं, की एवढा खटाटोप कशाला, फोनवर गाऊ देत की आत्याबाईंना. तेही करून बघितलं. आत्याने फोन हातभर लांब धरला, मग नाकाला लावला, आणि विचारलं, "यी माणसा हायत का तांदूल?" तिला मांडव दिसल्याशिवाय गाता येत नाही. हळद कुटायला कधी घेतली, वाटी कुणी उचलली, बघूनच ती पुढचं गाणं धरते. मागचंपुढचं झालं तर अपशकुन. तेव्हा पडदा मोठा हवा, आणि मोठ्या पडद्याचा, कुठेही लग्नाला न जाणारा कॉम्प्युटर आळीत एकच होता. माझा.

हा कॉम्प्युटर मुलगी मृणाली कॉलेजात होती तेव्हा घेतलेला. आता ती सासरी पुण्याला सुखात आहे आणि कॉम्प्युटर माझ्याकडे, त्याच्या मानाने सुखात. आमच्याकडे खारं वारं लोखंड खातं. खिडकीचे गज, सायकली, शिवणयंत्र, कुणाला सोडत नाही. म्हणून थळमध्ये किमती वस्तू कशात तरी घालून ठेवायची पद्धत आहे. कुणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतं, कुणी गोधडीत. मी तर स्टोअरचा माणूस. मी एक अख्खं लोखंडी कपाट कॉम्प्युटरला दिलं. वरच्या खणात पडदा, मधल्यात कळफलक, तळाच्या खणात मुख्य डबा पार मागे ढकलून, आणि वायरींपुरतं पाठीला भोक. काम असलं की दारं उघडायची, झालं की बंद करून कुलूप. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. पाहुणे आले की मी ते कपाट उघडून दाखवतो. इतकी व्यवस्था करूनही इंटरनेटची वायर लावायचं भोक गंजून बसलंच होतं. वायफाय होतं, ते बाहेरच्या खोलीत, पण इतक्या जुन्या कॉम्प्युटरला ते पकडता येत नाही. त्यासाठी एक बोटाच्या पेराएवढी डबी मिळते, ती पाठीमागे खोचायची, असं मला अलिबागला रशीदभाईंच्या दुकानात कळलं.

रशीदभाईंनी डबी दिली, पडद्यावर अडकवायचा माइकवाला कॅमेरा दिला आणि कॉम्प्युटर केवढा जुना आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "दत्ताभाऊ, डबी नवी हाय, तुमचा जनाब बुजुर्ग हाय. दोघांची बोलचाल व्हायला मध्ये कुणीतरी लागेल." हे मध्ये पडणारं प्रकरण म्हणजे एक सॉफ्टवेअर, ड्रायव्हर म्हणतात त्याला, आणि ते सोबतच्या तबकडीवर होतं. घरी येऊन मी तबकडी घालायला गेलो तर कॉम्प्युटरचा तबकडीचा खण बाहेर आला आणि तसाच राहिला, रुसलेल्या पोराच्या खालच्या ओठासारखा. रशीदभाईंना फोन केला. ते म्हणाले, हरकत नाही, इंटरनेटवरून उतरवून घ्या. मी म्हटलं, अहो, इंटरनेट यावं म्हणून तर हे चाललंय. खाडीपलीकडे जायला होडी हवी आणि होडी पलीकडच्या काठाला बांधलेली, अशी ती गत. शेवटी त्यांनीच ते एका पेनड्राइव्हवर घालून दिलं. आधी दिलेलं चुकीचं निघालं, दुसरं चाललं.

आणि एका दुपारी डबीतला निळा दिवा लुकलुकला.

इथे शहाण्या माणसाने पुढे जाऊन खरोखर काही दिसतंय का ते बघितलं असतं. मी दारं बंद करून कुलूप लावलं आणि आळीत सांगत सुटलो. मला वाटलं, दिवा लागला म्हणजे झालं. दिवा लागणं म्हणजे होणं नव्हे, हे स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. पण केसरला मी म्हटलं, काम फत्ते. ती म्हणाली, बघा हं, तुमच्या भरवशावर आत्याबाईंनी नवं लुगडं काढलंय.

हळदीच्या दिवशी सगळी आळी सकाळच्या लाँचने करंजाला गेली. तिकडे फोन धरून मांडव दाखवायचं काम केसरकडे. जाण्याआधी चौघांनी आत्याला खुर्चीसकट उचलून आमच्या घरात आणून ठेवलं. लुगडं, गजरा, प्लास्टरवर कुंकवाचं बोट. मांडीवर हळदीची वाटी. तिकडे हळद लागताना इथे तिच्या हातात हळद हवीच, हा तिचा हट्ट. संध्याकाळी मी कपाट उघडलं, नारळ ठेवला, बटण दाबलं.

निळा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर मात्र वायफायची यादी कोरी. आमचं नाही, शेजारचं नाही, कुणाचंच नाही. जणू साऱ्या थळने हात वर केले होते.

मी माझी विद्या वापरली. बंद करून पुन्हा चालू केलं. डबी काढली, फुंकली, पुन्हा खोचली. बाहेरच्या खोलीतला वायफायचा डबाही बंद करून चालू केला. रशीदभाईंचा फोन लागेना. लागला तो केसरचा.

"अहो, हळद कुटायला बायका बसल्यात. कुटू का थांबू विचारतायत. आणि केतन डीजेच्या वायरी जोडतोय."

मी म्हटलं, होतंय, दोन मिनिटं.

"तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत," ती म्हणाली. "आत्याबाईंना सांगा, मी थांबवून धरते." आणि मागे बायकांचा कलकलाट ऐकू आला, तिने खरोखरच उखळावर हात ठेवला असावा.

मी जमिनीवर ओणवा, डोकं कपाटाच्या तळाच्या खणात, बाहेर काय राहिलं असेल ते तुम्ही समजून घ्या. त्याच्याशीच आत्या बोलली.

"दत्तू, ह्यो पडदा कनच्या तोंडाला हाय?"

मी आतूनच दिशा काढली. कपाट पश्चिमेच्या भिंतीला.

"म्हंजे मी मावलतीला तोंड करून देवाला आवतान देऊ? आनि नवरीला कपाटान बसवू? लोखंडाच्या? पोरगी काय दागिना हाय?"

मी समजावलं, की आत्या, तोंडाचं नंतर बघू, आधी हे चालू तर होऊ दे. आत्या म्हणाली, तोंड फिरल्याशिवाय मी गाणारच नाही, मग ते चालू होऊन काय करणार. ओटीवर, उगवतीच्या भिंतीला मांड. मी म्हटलं, तिकडे समोरून खारं वारं लागतं, एका पावसाळ्यात त्याचा भुगा होईल.

"मना बी लागतंय जलमापासून. झालाय का भुगा?"

मी खणातून डोकं बाहेर काढलं. तशीही डबी मेलेलीच होती, निदान अपयश तरी योग्य दिशेला तोंड करून यावं, असा विचार मी केला. पडदा ओटीवर नेला. मुख्य डबा तळाच्या खणातून ओढून काढला, त्याच्याबरोबर डांबराच्या गोळ्या आणि मृणालीचं हरवलेलं कर्कटक निघालं. सगळं टेबलावर मांडलं, वायरी जोडल्या, आत्याची खुर्ची पूर्वेला वळवली आणि बटण दाबलं. समुद्रावरून वारं आलं आणि त्या डब्याच्या भोकाभोकांतून आरपार गेलं.

मग यादी आली. नुसतं आमचं नाही, सगळ्या आळीची वायफाय एकाखाली एक.

नंतर रशीदभाईंना हे सांगितलं तेव्हा ते हसून हसून खुर्चीवरून उठले. म्हणाले, दत्ताभाऊ, तुम्ही जनाबला तिजोरीत कोंडून बाहेरून हाका मारत होता. लोखंडातून हाक जाते काय? पण ते नंतर. त्या वेळी मला वाटलं, उगवतीकडे तोंड केल्यामुळेच झालं, आणि मी हात जोडले.

पडद्यावर करंजाचा मांडव उभा राहिला. आधी केसरचा अंगठा, मग मांडव. पाटावर अमिषा, मोठीच्या मोठी, आत्याला स्पष्ट दिसेल अशी. तिने इकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, किती उशीर गो?"

आत्याने माझ्याकडे बोट केलं आणि गायला लागली.

"पयला आवतान गो धाडा, दर्याच्या वाऱ्याला,
वारा सांगंल सांगावा, साऱ्या सोयऱ्याधायऱ्याला."

इतकी वर्षं मी ज्या वाऱ्याला घराबाहेर ठेवायला कपाटं राखली, त्याला तिने पहिलं आमंत्रण दिलं. आवाज पोचायला जरा उशीर लागत होता, त्यामुळे तिकडच्या बायका मागून ओळ झेलायला मागे पडत होत्या. आत्याने गाणं न तोडता त्याच चालीत त्यांना विचारलं, जेवून आल्यात का झोपून. मग सगळ्या जुळल्या. मुसळं पडायला लागली. थोड्या वेळाने केतनचा चेहरा पडद्यावर आला, हातात वायर. मला वाटलं, आता धडाड्धूम सुरू. तो म्हणाला, "आजी, तुझा आवाज डीजेच्या स्पीकरला जोडू का? पाठच्या लोकांना ऐकू येत न्हाय."

आत्याला लाउडस्पीकर आवडत नाही, हे मी सांगितलंच आहे. तिने थोडा विचार केला. "जोड. पन त्या डीजेवाल्याला आधी जेवायला घाल."

मग हळद लावायचा धवला आला. पाच सुवासिनी पुढे झाल्या, आणि वाटी उचलली त्या क्षणी आत्या खुर्चीतून पुढे झुकली, मांडीवरच्या वाटीत बोटं बुडवली आणि पडद्याच्या काचेवर अमिषाच्या दोन्ही गालांना हळद लावली. तिकडे पोरीने डोळे मिटून गाल पुढे केला. गाणं तेवढं एकाच जागी किंचित अडकलं. नेटमुळे असेल.

कॉम्प्युटर अजून ओटीवरच आहे. आत्याने पुढची दोन लग्नंही त्याच्यावर धरली आहेत, प्लास्टर निघालं तरी लांबच्या हळदी इथूनच करीन म्हणते. मी डब्याला रोज खोबरेल चोळतो, वारं रोज खातं, आमचं बरं चाललंय. कपाटात केसरने पापड ठेवलेत. काचेवरची हळद मात्र निघत नाही. म्हणजे मी तशी काढलेलीच नाही. त्यामुळे हल्ली माझ्या पडद्यावर जो येतो त्याला हळद लागलेली असते. बातम्या देणारी बाई, हवामान सांगणारा माणूस, पेन्शनचं समजावणारे साहेब, सगळे दोन्ही गाल पिवळे करून माझ्यासमोर बसतात, आणि हवामानवाला तर वाऱ्याचं नाव काढताना इतका लाजल्यासारखा दिसतो, की मलाच त्याच्यासाठी कुठेतरी मुलगी बघावीशी वाटते.