जाहिरातीवरची पणती

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोचं कौतुक कुठे थांबवावं ते माझ्या नवऱ्याला कळत नाही. तो इथे परदेशात, तांजोंग पगारला एका कंपनीत अकाउंटंट, मी स्त्रीरोगतज्ज्ञ. मी पासिर रिसला स्वतःचा छोटा दवाखाना काढला, त्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम त्याच्याकडे होतं. त्याने मला न विचारता पानभर जाहिरात टाकली आणि अंक छापून आल्यावर ते पान मोठ्या ऐटीत माझ्यापुढे धरलं.

माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत होतं, ‘शासनमान्य गर्भपात केंद्र’.

मी अंक त्याच्या हातातून ओढून घेतला.

“अगं, आमच्या पुण्यातल्या रस्त्यावर प्रत्येक हॉस्पिटलवर ही पाटी असायची,” तो म्हणाला. “शासनमान्य म्हणजे केवढा मान!”

त्याचं तिकडचं खरं होतं. इथेही गर्भपात कायदेशीर आहे, माझ्याकडे त्याची परवानगीही आहे. पण डॉक्टरने त्याची जाहिरात करायची नाही. पाटीवर नाही आणि मंडळाच्या अंकात तर नाहीच. परवान्यावर गदा येऊ शकते. एरवी मला हा नियम पटतो, असल्या गोष्टीचा सेल लावायचा नसतो. फक्त जिला गरज आहे तिने विचारायचं कुणाला, हे कोडं मला कधी सुटलेलं नाही. त्या दिवशी मात्र डोळ्यांपुढे माझा परवाना तेवढा होता.

“पपा, कॅनॉट लाह!” मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली. “मम्मीचं क्लिनिक क्लोज करतील.”

अंक रविवारी ईस्ट कोस्टच्या एका काँडो सोसायटीतल्या कार्यक्रमात वाटायचे होते. पुन्हा छापायला वेळ नव्हता. नवरा तोंड पाडून बाजारात गेला आणि पणतीचे स्टिकर घेऊन आला, जितके अंक तितकेच, मोजून. शनिवारी दुपारी मंडळातल्या बायका आमच्या फ्लॅटवर जमल्या आणि त्या ओळीवर एकेक पणती चिकटवू लागल्या. चिवडा, चहा आणि नवऱ्याची यथेच्छ टिंगल. चिकटवण्याआधी प्रत्येक बाई ती ओळ वाचून घेत होती आणि वाचलंच नाही असं दाखवत होती. धास्ती होतीच, तरी मला फार बरं वाटत होतं. माझ्या दवाखान्यासाठी इतके हात धावून येतील असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी एक पणती उरली.

“असं कसं? मी मोजून आणलेत!” नवरा हिरमुसला. तो अंक पुन्हा मोजायला बसणार, तोच बायकांनी त्याला चहा टाकायला पिटाळलं. मुलीने उरलेला स्टिकर फ्रीजवर मॅग्नेटखाली अडकवून ठेवला.

दिवाळी झाल्यावर त्याच बायकांपैकी एक दवाखान्यात आली. बराच वेळ हवापाण्याचं बोलली. मग पर्समधून अंक काढून तिने माझं पान उघडलं. त्यावर पणती नव्हती.

“ताई, त्या दिवशी एक तसाच ठेवला मी,” ती म्हणाली. “तुम्ही हे करता हे तेव्हाच कळलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारायचं तर ते ह्यांचे मित्र. गुगल करायचीसुद्धा भीती वाटत होती.”

अंक बघून आधी मला माझा परवाना आठवला, मग तिचा चेहरा बघून मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. आम्ही खूप वेळ बोललो. पुढे तिने काय ठरवलं ते तिचं. उठताना मात्र चेहरा मोकळा झाला होता. “आता हा नको मला,” म्हणत तिने अंक टेबलावर ठेवला.

संध्याकाळी मी घरी येऊन फ्रीजवरची पणती काढली आणि त्या ओळीवर चिकटवली. नवरा बघत होता.

“हा अंक कुठे होता?”

“राहिला होता एक.”

“म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं!”

“तुझं सगळंच बरोबर होतं,” मी म्हटलं. तो इतका खूश झाला, की सगळंच म्हणजे काय ते विचारायचं विसरून गेला.