आधी सांगून अडवणारे वेखंडे

कुणाचं काही बंद करायचं झालं, की आमच्या कॉलेजातले वेखंडे आधी त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभे राहत आणि खालच्या आवाजात सांगत, "उद्यापासून तुमचं ते क्रिकेट बंद. आज काय बघायचं ते बघून घ्या." शहापुरातल्या आमच्या कॉलेजात वेतनवाढसुद्धा न सांगता रोखली जात असे, त्यामुळे ही पद्धत बऱ्याच जणांना उद्धट वाटे.

वेखंडे संगणक कक्ष सांभाळत. नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटाची, प्राचार्यांची सही झाली तर पुढे. सापगावच्या अलीकडे घरची भातशेती. कक्षाच्या कोपऱ्यात प्रॉक्सी सर्व्हर नावाचा एक करडा डबा होता. कॉलेजातल्या कुठल्याही संगणकाने बाहेरचं पान मागितलं, की ती मागणी आधी या डब्याकडे येई. डबा नियमांची यादी वरून खाली वाचे आणि जो नियम आधी लागू पडेल त्याप्रमाणे मागणी सोडे किंवा अडवे. मी मराठी शिकवतो, म्हणून मला त्यांनी हे खाचरांवरून समजावलं. "वरच्या खाचरात पाणी अडवायचं तर खालच्याला आधी सांगायचं. नाय सांगितलं तर ती चोरी."

या शेतकी शहाणपणाने एकदा दगाही दिला. पाणी थोपवायचं तर खालचा बांध घालतात, म्हणून वेखंड्यांनी अडवण्याचा पहिला नियम यादीच्या तळाशी लिहिला. वर जुना नियम होता, सगळ्यांना सोडा. डबा तिथेच थांबे. दोन दिवस पोरांनी निवांत सिनेमे पाहिले. ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. वेखंड्यांनी नियम वर नेला आणि चूक स्वतःच सगळ्यांना सांगत फिरले.

आमच्या प्राचार्यांना परिपत्रकांची हौस. हात धुण्याच्या बेसिनवरच्या परिपत्रकात राष्ट्रनिर्मिती दोनदा आली होती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत पानं उघडेनात, तेव्हा त्यांनी फर्मावलं, "आवारातील संगणकांवरील सर्व खेळ तात्काळ बंद करावेत." वेखंड्यांनी डब्यातल्या नोंदी तपासल्या. पोरांचे खेळ चार निघाले. पाचवा एकाच संगणकावरून दिवसातून सात-आठदा चाले. पडद्यावर शेती करायचा खेळ. संगणक प्राचार्यांच्या केबिनमधला.

वेखंड्यांच्या मुदतवाढीचा कागद त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर होता. पाचवा खेळ राहू द्या, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "सरांनीच लिवलंय, सर्व. त्यातला शब्द मी कसा कमी करू?"

ते केबिनमध्ये आले तेव्हा मी एका नव्या परिपत्रकाचं शुद्धलेखन तपासत होतो. वेखंडे माझ्याकडे बघून घुटमळले. प्राचार्य म्हणाले, बोला, आपला कारभार पारदर्शक आहे.

"सर, उद्या सकाळपासून तुमची शेती बंद. आज काय तयार असंल ते काढून घ्या."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी परिपत्रकाकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "वांगी गुरुवारी होतील." तो सोमवार होता.

वेखंड्यांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. सूट देता येते, म्हणाले, तसा नियम सगळ्यात वर लिहायचा. पण अर्ज लागतो, आणि सूट कुणाला आणि कशासाठी ते कक्षाच्या फळ्यावर लावावं लागतं. "खालच्यांना कळाय पायजे, सर."

प्राचार्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. तुम्ही भाषेचे, म्हणाले. मी 'कृषिविषयक प्रात्यक्षिकासाठी' असं लिहिलं. कॉलेजात कृषी शाखा नाही, हे त्यांना आठवलं. मग 'मानसिक स्वास्थ्यार्थ' लिहिलं, ते वाचून त्यांचं स्वास्थ्य आणखी बिघडलं. तिसरा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आणि न दाखवता फाडला. बेसिनवरून राष्ट्रापर्यंत पोचलेल्या माणसाला वांग्यांवरून गुरुवारपर्यंत पोचता येईना. वेखंडे हाताची घडी घालून उभेच. फाटलेल्या कपट्यांखाली त्यांच्या मुदतवाढीचा कागद होता. त्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पाहत होतो.

प्राचार्यांनी कपटे बाजूला केले, तो कागद ओढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मग सही केली.

"राहू द्या अर्ज. बंद करा," ते म्हणाले. वेखंडे वळले तेव्हा त्यांनी विचारलं, "खरी वांगी किती दिवसांत येतात हो?"

"रोप लावल्यावर दोन-अडीच महिने."

"आणि मधे सुट्टी आली तर?"

"वांग्याला सुट्टी नाय, सर."

पुढच्या वर्षी वेखंडे मुरबाडच्या एका कारखान्यात कायम नोकरीला लागले. निरोपाच्या दिवशी प्राचार्यांनी, इतिहासात प्रथमच, भाषण केलं नाही. केबिनमागे लावलेल्या रोपांची सहा वांगी त्यांनी कागदात गुंडाळून वेखंड्यांच्या हातात दिली. वेखंड्यांनी पुडी उघडली, एकेक वांगं फिरवून पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की यातलं एक किडकं आहे.

प्राचार्य म्हणाले, "मला माहीत होतं. तुम्ही सांगता का, ते बघत होतो."