एका चालीची गाडी
पेट्रोलचा वास आला की बारडोलीच्या पुढचा तो रस्ता आठवतो. गावी आईने अन्न सोडलं होतं, शेवटचं पाणी लेकीच्याच हातचं हवं म्हणून अडली होती. संपामुळे सगळे पंप बंद, आणि दिराच्या गाडीचा काटा तळाला. भर उन्हात त्याने एसी बंद केला आणि गाडी एकाच संथ चालीत ठेवली. ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते. "भाऊजी, बैलगाडी हाकताय का?" मी ओरडले. "पळवली तर जास्त पिते, वहिनी. मग वाटेतच बसू." पोचलो तेव्हा आईने डोळे उघडले. "उशीर केलास," म्हणाली, दोन घोट प्यायली आणि गेली. आता नातू गाडी पळवतो, तेव्हा मी रस्ता बघत नाही, काटा बघते.